एका गुणाचा इतिहास

मुलांच्या शाळेच्या फॉर्मात ‘आईचे शिक्षण’ अशी एक ओळ असते. त्या ओळीवर मी तिन्ही मुलांच्या वेळी ‘एस.एस.सी.’ असे ठळक अक्षरांत लिहीत आले. ते खरे नव्हते. मी मॅट्रिकच्या वर्गात होते एवढेच खरे. परीक्षेला मी बसलेच नव्हते. ही गोष्ट मी चारचौघांत प्रथमच सांगत आहे. दिवाळीच्या दिवसांत, फराळाची ताटली शेजारी ठेवून अंक उघडणाऱ्या वाचकांना ती सांगताना संकोचही वाटतो. परंतु ती सांगितल्यावाचून पुढचा इतिहास सांगता यावयाचा नाही. कारण तो इतिहास मी धुंडाळला तो त्या एका ओळीपायीच.

आमचे गाव पाटण तालुक्यातले, कोयनेच्या काठचे. १९६७ साली मी अकरावीत होते. त्या वेळी अकरावी हीच मॅट्रिक. बोर्डाची एस.एस.सी. परीक्षा १९४९ पासूनच सुरू झाली होती, पण घरोघर शब्द चाले तो मॅट्रिकचाच. ११ डिसेंबरच्या पहाटे, चारच्या ठोक्यानंतर थोड्याच वेळात, भूकंप झाला. कोयनानगरचा तो भूकंप महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्याचे वर्णन मी येथे करीत नाही. आमच्या घराच्या दोन भिंती पडल्या. आईच्या कमरेला मार बसला आणि ती तीन महिने अंथरुणाला खिळली. घरात थोरली मुलगी मी. पुढे शाळा पुन्हा भरू लागल्याचे मैत्रिणी येऊन सांगत. मी गेले नाही. मार्चमध्ये त्यांची परीक्षा झाली आणि मे महिन्यात माझे लग्न झाले. दादांनी वरपक्षाला सांगितले होते, “मुलगी मॅट्रिकला होती.” सासरच्या मंडळींनी त्यातले ‘होती’ नीटसे ऐकले नाही, आणि मीही ते पुन्हा कधी उच्चारले नाही.

ह्यांना ते ठाऊक होते की नव्हते, हे मला आजही सांगता येत नाही. १९८० च्या सुमारास एकदा ते कचेरीतून सतरा नंबरचा फॉर्म घेऊन आले. शाळा सुटलेल्याला बाहेरून परीक्षेला बसावयाचे असेल तर तो भरावा लागतो. “आमच्या एका कारकुनाच्या बहिणीला हवा होता,” म्हणाले, आणि कपाटात वरच ठेवून दिला. कारकुनाची बहीण काही आली नाही. फॉर्म तेथेच पडून राहिला. मी त्यावरची धूळ दोनदा झटकली, पण विचारले नाही. त्यांनीही विचारले नाही.

२०१४ साली हे गेले. पुढच्या वर्षापासून मी अमेरिकेत धाकट्या मुलाकडे, आयोवा सिटी ह्या गावी राहू लागले. आयोवा हे मिसिसिपी आणि मिसूरी ह्या दोन नद्यांमधले राज्य. नजर जाईल तेथवर मका आणि सोयाबीन, मधूनमधून डुकरांचे गोठे, आणि ह्या सगळ्यात एखाद्या बेटासारखे हे विद्यापीठाचे गाव. मुलगा-सून कामावर, नातू शाळेत. घरात दिवसभर मी आणि बाहेर बर्फ. सूनबाई म्हणाली, “आई, जवळच कम्युनिटी कॉलेज आहे, इंग्रजी बोलण्याचा वर्ग असतो. जाऊन तर बघा.”

कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपल्या भाषेत पंचक्रोशीचे कॉलेज. विद्यापीठात चार वर्षे शिकतात, येथे दोन. येथे वयाची अट नाही, कुळाची नाही. सकाळी वेल्डिंग शिकणारी पोरे येतात, दुपारी परिचारिका होऊ पाहणाऱ्या मुली, आणि संध्याकाळी आमच्यासारखी थकलीभागली माणसे. ह्या संस्थेचा उगम १९०१ सालचा. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएट गावच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक जे. स्टॅन्ली ब्राऊन ह्या दोघांनी मिळून हायस्कुलाच्या पुढची दोन वर्षे त्याच गावात शिकवण्याचा घाट घातला. पहिल्या वर्षी विद्यार्थी अवघे ६! पुढे १९४७ साली अध्यक्ष ट्रूमन ह्यांच्या उच्चशिक्षण आयोगाने अशी कॉलेजे देशभर व्हावीत असा आग्रह धरला आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ केले. आयोवात १९६५ च्या कायद्याने त्यांचे जाळे विणले गेले. आज तेथे अशी १५ कॉलेजे आहेत.

तेथेही फॉर्म होताच. त्यात प्रश्न होता: शेवटची कोणती इयत्ता पूर्ण केली? माझा हात सवयीने जावयाचा तेथे गेला आणि थांबला. त्या खोलीत मला ओळखणारे कोणी नव्हते. सासर नव्हते, शेजार नव्हता, मुलांचे मास्तर नव्हते. मी ‘१०’ असा आकडा लिहिला. टेबलामागच्या बाईंनी तो वाचला. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. “मग तुम्ही हायस्कूल समकक्षता परीक्षेच्या वर्गात का बसत नाही?” असे त्यांनी विचारले, ‘चहात साखर घालू का’ असे विचारावे तसे.

आमच्या वर्गात पंधरा-सोळा जण होते. सुदानमधून आलेला एक गृहस्थ, काँगोमधल्या दोघी बहिणी, मेक्सिकोतून आलेला एक छपरे शाकारणारा, तान्हे मूल आईपाशी ठेवून येणारी एकोणीस वर्षांची पोर, आणि रात्रपाळी करून येणारा पन्नाशीचा एक कृष्णवर्णी अमेरिकन. मी सगळ्यांत वडील. गणिताच्या तासाला माझा भाव वधारला, कारण दादांनी लहानपणी पावकी, निमकी, सवायकी, दिडकी घोकून घेतली होती. साडेबाराची दीडपट सांगावयाला मला यंत्र लागत नसे. छपरे शाकारणारा गडी मला सवायकी लिहून मागू लागला. इंग्रजी वाचनाने मात्र माझा पुरता घाम काढला.

आयोवातल्या ह्या परीक्षेचे नाव हायसेट. विषय पाच: वाचन, लेखन, गणित, विज्ञान आणि समाजशास्त्र. प्रत्येकास गुण २०. प्रत्येकात किमान ८ हवेत, निबंधाला ६ पैकी निदान २ हवेत आणि पाचांची बेरीज निदान ४५ हवी. २०१७ च्या हिवाळ्यात मी दोन दिवस परीक्षा दिली. संगणकावर देण्याची सोय होती. मी कागद-पेन्सिल मागून घेतली. निकाल मात्र संगणकावरच येतो आणि संगणकाची किल्ली मुलाच्या हाती. त्याला मी इंग्रजीच्या वर्गाला जाते एवढेच माहीत होते. निकाल त्याने उघडला. वाचन ९, लेखन ९, गणित १४, विज्ञान १०, समाजशास्त्र ७. बेरीज ४९. तरी नापास; एका विषयात एका गुणाने.

तो म्हणाला, “आई, हे काय आहे? तू तर मॅट्रिक आहेस ना?”

मी सांगून टाकले. भूकंपापासून सगळे सांगितले. तो आठवीत असताना त्याने प्रगतिपुस्तकातला एक लाल आकडा माझ्यापासून लपवला होता. नापास झाल्याबद्दल नव्हे, खोटे बोलल्याबद्दल मी त्या रात्री त्याला जेवायला वाढले नव्हते. मला ते आठवले. त्यालाही आठवले असावे. तो काही बोलला नाही. सूनबाई उठली आणि तिने चहाचे आधण ठेवले.

रात्री झोप येईना. मनात एकच प्रश्न फिरत होता: हे आठ कोणी ठरवले? सातच्या माणसाला जे येत नाही आणि आठच्या माणसाला येते, असे ते काय आहे? सकाळी मी गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात गेले आणि ह्या परीक्षेचा इतिहास मागितला. ग्रंथपालबाई हसल्या. म्हणाल्या, “तो शोधायला तुम्हाला लांब जावे लागणार नाही. तो ह्याच गावात सुरू होतो.”

आणि खरोखरच तसे होते. विद्यापीठाच्या आवारात लिंडक्विस्ट सेंटर नावाची एक इमारत आहे. तिच्यावरून मी कितीदा गेले असेन! एव्हरेट फ्रँकलिन लिंडक्विस्ट हे आयोवातच १९०१ साली जन्मलेले, ह्याच विद्यापीठात शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक. १९२९ साली त्यांच्याकडे राज्यभरातील शाळांच्या एका स्पर्धेचे काम आले. शाळाशाळांतून हुशार मुले निवडून यावयाची, परीक्षा द्यावयाची, बक्षिसे घेऊन जावयाची. लोकांनी तिला नाव ठेवले होते ‘ब्रेन डर्बी’, म्हणजे बुद्धीची घोड्यांची शर्यत. लिंडक्विस्टना ह्या शर्यतीचा लवकरच उबग आला. पहिला कोण हे कळून शिक्षकाला काय लाभ? वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोराला काय येते आणि काय येत नाही, हे कळले पाहिजे. म्हणून त्यांनी सर्व मुलांसाठी चाचण्या रचल्या. हायस्कुलासाठी रचलेल्या चाचण्यांत त्यांनी एक मोठा पालट केला: सनावळ्या आणि व्याख्या न विचारता उतारा द्यावयाचा आणि त्यातून विद्यार्थ्याला काय उमगते ते पाहावयाचे. शाळेने काय शिकवले ह्यापेक्षा माणसापाशी काय उरले, हे मोजण्याचा तो प्रयत्न होता.

नेमके ह्याच सुमारास अमेरिका महायुद्धात उतरली होती. त्या देशात तेव्हा शिक्षणाची स्थिती आपण समजतो तशी नव्हती. १९४० च्या शिरगणतीप्रमाणे पंचविशी ओलांडलेल्या चार माणसांत हायस्कूल पुरे केलेला जेमतेम एक निघे. त्यात १९४२ च्या नोव्हेंबरात सक्तीच्या सैन्यभरतीचे वय २० वरून १८ वर आणले गेले आणि शाळेच्या बाकांवरून उठवलेली मुले थेट छावण्यांत जाऊ लागली. ही मुले परत आल्यावर त्यांचे काय करावयाचे?

पहिल्या महायुद्धानंतरही हा प्रश्न आला होता आणि तेव्हा त्याचे उत्तर औदार्याने दिले गेले होते. अनेक शाळा-कॉलेजांनी सैनिकांना नुसत्या सेवेबद्दल सरसकट गुण वाटले. लढून आला आहे ना, मग घे हा कागद! वरवर पाहता हा सन्मान वाटतो. पण दान म्हणून मिळालेल्या कागदाला बाजारात दानाचीच किंमत येते. ज्याला खरोखर येत होते त्याचा कागद आणि ज्याला काहीच येत नव्हते त्याचा कागद एकाच मोलाचे ठरले. उलट, तिशीतल्या माणसाला सोळा वर्षांच्या पोरांच्या बाकावर परत बसवणे हेही शोभणारे नव्हते. दान नको आणि अपमानही नको, असा मधला मार्ग काढावयाचा होता.

विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन येथे १९४२ साली सैनिकांच्या शिक्षणासाठी एक संस्था निघाली. टपालाने धडे पाठवण्याचे काम ती करी. तिच्यासाठी, अमेरिकन शिक्षण परिषदेच्या साहाय्याने, लिंडक्विस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सर्वसाधारण शैक्षणिक विकासा’च्या पाच चाचण्या तयार केल्या. त्यांच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे म्हणजेच जी.ई.डी. आज अमेरिकेत हायस्कूल समकक्षता म्हटले की लोकांच्या तोंडी हीच तीन अक्षरे येतात. लेखन, समाजशास्त्राचे वाचन, विज्ञानाचे वाचन, वाङ्मयाचे वाचन आणि गणित असे ते पाच भाग. आयोवाच्या शाळकरी मुलांसाठी घडवलेला साचा आता जगभर पसरलेल्या फौजेसाठी वापरला गेला.

रेघ कोठे ओढावयाची, हा माझा प्रश्न त्यांच्यापुढेही होता. त्यांनी एक युक्ती केली. देशभरातल्या शाळांत शेवटच्या वर्षाला असलेल्या हजारो मुलांना तीच परीक्षा देऊन पाहिली आणि त्यांच्या गुणांवरून उत्तीर्णतेची शिफारस केली. सैनिकाची तुलना कोण्या आदर्श विद्यार्थ्याशी नाही. त्याच्या गल्लीतल्या, त्याच वर्षी शाळेतून बाहेर पडणाऱ्या पोराशी. ‘समकक्ष’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ हा एवढाच. ती पहिली रेघ चांगलीच खाली होती. शेवटच्या वर्षातली बहुतेक मुले ती सहज ओलांडीत.

२२ जून १९४४ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनी सैनिकांच्या पुनर्वसनाच्या कायद्यावर सही केली. ‘जी.आय. बिल’ म्हणतात तो हाच. परत आलेल्या सैनिकाच्या शिक्षणाचा खर्च सरकार उचलील असे त्यात होते. २२ लाखांहून अधिक सैनिक त्या बळावर कॉलेजात गेले. ज्यांची शाळा अर्धी राहिली होती त्यांना आत शिरावयाला ह्या पाच चाचण्या हे एक दार झाले. अर्थात हे दार सर्वांना सारखे उघडले नाही. दक्षिणेकडील कृष्णवर्णी सैनिकांना कायद्याने हक्क होता, पण बँका, कचेऱ्या आणि वर्णभेद पाळणारी कॉलेजे ह्यांनी तो त्यांच्या पदरात पुरता पडू दिला नाही. इतिहास लिहिताना हेही लिहिले पाहिजे.

पुढची पायरी १९४७ सालची. न्यू यॉर्क राज्याने ही परीक्षा सामान्य नागरिकांनाही खुली केली. बंदूक न उचललेल्या माणसांनी विचारले असावे, आम्हीही जगलो आहोत, शिकलो आहोत, आमचे मोजमाप का नाही? हळूहळू इतर राज्ये त्या वाटेने गेली. १९५९ पर्यंत परीक्षेला बसणाऱ्यांत सैनिकांपेक्षा नागरिक अधिक झाले. १९६६ च्या प्रौढशिक्षण कायद्यानंतर वर्ग वाढले आणि त्यांतले कितीतरी कम्युनिटी कॉलेजांच्या छपराखाली आले.

ह्या दारातून कोण कोण गेले ते वाचताना माझी करमणूक झाली आणि धीरही आला. डेलावेअर राज्यातल्या रूथ अ‍ॅन मिनर ह्यांनी शेतावरच्या कामासाठी सोळाव्या वर्षी शाळा सोडली. बत्तिसाव्या वर्षी त्यांना वैधव्य आले, पदरात तीन मुलगे. त्यांनी ही परीक्षा दिली, पुढे राजकारणात शिरल्या आणि २००१ साली त्याच राज्याच्या गव्हर्नर झाल्या. दुसरे डेव्ह थॉमस. ‘वेंडीज’ नावाच्या खाद्यगृहांचे मालक, कोट्यधीश. पण पंधराव्या वर्षी शाळा सोडल्याचा सल त्यांना होता. आपले पाहून पोरे शाळा सोडतील अशी भीतीही होती. १९९३ साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, ते फ्लॉरिडात परीक्षा उत्तीर्ण झाले. तेथल्या हायस्कुलातल्या मुलांनी त्यांना आपल्या तुकडीत घेतले आणि ‘पुढे नाव काढण्याची सर्वाधिक शक्यता असलेला विद्यार्थी’ म्हणून त्यांची निवड केली! एकसष्टीची अशी शांत आपल्याकडे कोणी केली असेल असे वाटत नाही.

आता दुसरी बाजू. त्याच १९९३ साली जेम्स हेकमन आणि स्टीफन कॅमरन ह्या अर्थशास्त्रज्ञांनी एक लेख प्रसिद्ध केला. हेकमन ह्यांना पुढे २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे असे की समकक्षांची ही समकक्षता नावापुरतीच आहे. परीक्षा देऊन कागद मिळवणाऱ्यांची कमाई शाळेतून उत्तीर्ण झालेल्यांच्या जवळ जात नाही, ती शाळा सोडलेल्यांच्याच जवळ राहते. हेकमन ह्यांनी पुढे त्याचे कारणही सांगितले. परीक्षा बुद्धी मोजते. पण रोज सकाळी उठून चार वर्षे शाळेत जाण्याला जी चिकाटी लागते ती कागदावर उमटत नाही.

हे वाचून मला राग आला. मग वाटले, राग का यावा? त्यांनी पुष्कळांचे आकडे तपासले आहेत. परंतु माझ्या वर्गातली ती एकोणीस वर्षांची पोर मूल झोपवून रात्री अकराला अपूर्णांक सोडवीत होती. तिच्या चिकाटीचे माप कोणत्या फुटपट्टीने काढावयाचे? परीक्षेने चिकाटी मोजली जात नाही हे हेकमन ह्यांचे म्हणणे खरेच. म्हणून ज्यांच्यापाशी ती आहे त्यांनाही ती कागदावर दाखवता येत नाही, हेही तितकेच खरे.

आणि रेघेचे काय? ती तर सारखी हलत राहिली. २००२ सालच्या परीक्षेत ती इतकी वर नेली होती की शाळेतून नुकत्याच उत्तीर्ण होणाऱ्या शंभर मुलांपैकी सुमारे चाळीस जणांना ती ओलांडता आली नसती. म्हणजे समकक्ष म्हणवून घेण्यासाठी कक्षेतल्या पुष्कळांहून सरस ठरावे लागे. २०११ साली जी.ई.डी. एका खाजगी कंपनीच्या भागीदारीत गेली आणि २०१४ साली ती केवळ संगणकावर देण्याची आणि अधिक अवघड झाली. उत्तीर्ण होण्यास १५० गुण लागत. दोनच वर्षांनी ते १४५ वर आणले. त्या पाच गुणांच्या फटीत किती जणांची वर्षे गेली असतील! त्याच वेळी काही राज्यांनी वेगळी परीक्षा पसंत केली, ती हायसेट. आयोवा त्यांपैकी एक. मौज अशी की हायसेट घडवण्यात आयोवा विद्यापीठातल्या, लिंडक्विस्ट ह्यांच्या परंपरेतल्या मंडळींचा हात होता. पाऊण शतक देशभर फिरून परीक्षा पुन्हा माहेरी आली होती. मी पेन्सिलीने काळे केलेले वाटोळे ठिपकेही त्याच वंशातले. उत्तरपत्रिका तासाला हजारोंनी तपासणारे यंत्र लिंडक्विस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात ह्याच गावी उभे केले होते.

हे सगळे वाचून माझ्या मनातली अढी सुटली. पन्नास वर्षे मी समजत होते की मॅट्रिक ही ब्रह्मदेवाने ओढलेली रेघ आहे. तिच्या पलीकडे ते शिकलेले आणि अलीकडे आम्ही. वास्तविक ती माणसांनी टेबलाभोवती बसून ओढलेली, पुसलेली आणि पुन्हा ओढलेली रेघ आहे. मग ती ओलांडण्यात काही अर्थ नाही काय? आहे. तोलाचे वजन माणसांनीच ठरवलेले असते, म्हणून कोणी तागडी फेकून देत नाही. तागडीची पूजा मात्र करू नये.

येथे मला आपल्या आनंदीबाई जोश्यांची आठवण झाली. १८८३ साली त्या फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयापुढे उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्यापाशी मॅट्रिकचा दाखला नव्हता. आपल्याला काय येते आणि कशासाठी शिकावयाचे आहे हे त्यांनी प्रांजळपणे लिहून कळवले. त्या कॉलेजाने दाखल्याची उणीव न पाहता बाई पाहिली आणि १८८६ च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या. समकक्षतेची परीक्षा निघण्याच्या साठ वर्षे आधी एका मराठी मुलीला एका अमेरिकन संस्थेने समकक्ष मानले होते. मला तिच्या पंक्तीला बसावयाचे नाही. पण तिने उणीव लपवली नव्हती आणि मी लपवली होती, एवढा भेद मला चांगलाच बोचला.

समाजशास्त्राचा अभ्यास मी पुन्हा सुरू केला. एके दिवशी गुलामगिरीच्या निर्मूलनाचा धडा होता. यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्यांच्या शाळांत आजे आणि नातवंडे एकत्र बसून मुळाक्षरे गिरवीत, असे मास्तरीणबाई सांगत होत्या. मी हात वर केला. म्हटले, आमच्याकडे पुण्याला ज्योतिराव फुले आणि सावित्रीबाई ह्यांनी १८५५ साली शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती. आणि ह्याच फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ नावाचे पुस्तक लिहून ते तुमच्या देशातल्या, गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले. वर्गात क्षणभर शांतता पसरली. रात्रपाळीचा तो गृहस्थ मागे वळून म्हणाला, “इतक्या दूर बसून कोणी आमची आठवण केली होती? मला हे कोणी सांगितले नव्हते.” मला तरी कोठे कोणी सांगितले होते? मी ते आमच्या नगरवाचनालयात, मुले शाळेत गेल्यावर, दुपारी वाचले होते. कोणत्याही फॉर्मात न लिहिलेले ते माझे शिक्षण.

२०१८ च्या वसंतात मी पुन्हा बसले. समाजशास्त्रात ११ गुण मिळाले. ह्या वेळी निकाल मुलाने उघडला नाही. “तूच दाब,” म्हणाला. राज्याच्या शिक्षण खात्याचा डिप्लोमा टपालाने आला. समारंभात झगा आणि चौकोनी टोपी मिळाली. टोपीखाली अंबाडा काही केल्या मावेना, तेव्हा सूनबाईने दोन काटे आपल्या केसांतले काढून लावले. माझ्या पुढे तो रात्रपाळीचा गृहस्थ होता आणि मागे ती पोर, कडेवर मूल घेतलेली. सुदानी गृहस्थ गणितात राहिले होते. पण तेही टाळ्या वाजवावयाला आले होते.

ह्या कागदाचा मला व्यावहारिक उपयोग काहीच नाही. मला नोकरी करावयाची नाही की कॉलेजात जावयाचे नाही. तो दिवाणखान्यात टांगावा असे नातवाचे मत होते; मी तो माझ्या पेटीत, दादांच्या पत्रांशेजारी ठेवला आहे. ह्यांना दाखवता आला असता तर बरे झाले असते असे मात्र वाटते. तो सतरा नंबरचा फॉर्म खरोखर कारकुनाच्या बहिणीसाठी होता का, हेही तेव्हा विचारता आले असते.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अशी एखादी आई, आत्या किंवा वहिनी असेल. शिक्षणाचा विषय निघाला की ती स्वयंपाकघरात काहीतरी उतू जात असल्यासारखी उठून जाते. तिला काय येते हे घराला ठाऊक असते. तिने कोणती इयत्ता सोडली हे ती कोणाला सांगत नाही. सतरा नंबरचा फॉर्म आजही मिळतो. तो आणून द्यावयाचा असेल तर कपाटावर ठेवून देऊ नका. तिच्या हातात द्या आणि तिचे उत्तर येईपर्यंत जवळ बसा.